आवडते म्हणून

मावशींच्या गळ्यात मोजपट्टी असायची खरी, पण ती नुसती शोभेची. बाई दुकानाच्या पायऱ्या चढत असतानाच मावशी तिच्याकडे एकदा बघत, वळून फळीवरून डबा काढत, आणि ती काउंटरपाशी पोचेपर्यंत डबा उघडलेला असे. "हा घ्या," मावशी म्हणत. बाई घेई. चुकून दोन डबे समोर ठेवायची वेळ आलीच, तर त्यातला एक मावशी बोटानं पुढे सरकवत, म्हणजे प्रश्नच मिटला. बायकांच्या आतल्या कपड्यांचं ते दुकान. एका बाजूला औषधवाला, दुसऱ्या बाजूला किल्ल्या करून देणारा, आणि मधे मावशींचा खणखणीत आवाज. "छत्तीसला कशाला हात लावतेस? तू चौतीस!" हे त्या एवढ्या मोठ्यांदा सांगत की किल्लीवाला बिचारा मान वर करायचंच विसरून गेला होता.

अशा मावशींना अठ्ठावन्नाव्या वर्षी अंघोळ करताना डाव्या छातीत गाठ लागली. मग तपासण्या झाल्या, सुई टोचून तुकडा काढून झाला, आणि रिपोर्ट आला तो कॅन्सरचा. मावशी पोटभर रडल्या. एक दिवस दुकानही उघडलं नाही. दुसऱ्या दिवशी मात्र उघडलं, कारण धीर द्यायला म्हणून थोरल्या नणंदबाई बॅग घेऊन मुक्कामाला आल्या होत्या, आणि त्यांच्या धीरापुढे आजार परवडला असं मावशींना वाटायला लागलं होतं.

सर्जन ही मुलीच्या वयाची बाई निघाली. तिनं कागदावर चित्र काढून सगळं नीट समजावलं. गाठ लहान आहे, वेळेवर सापडली आहे. एक उपाय असा, की फक्त गाठ आणि तिच्या कडेचा भाग काढायचा, छाती ठेवायची, पण पुढे काही आठवडे सुट्ट्या सोडून रोज रेडिएशनला यायचं. दुसरा, की सगळी छातीच काढायची. ऑपरेशन मोठं, पण मग रेडिएशन बहुतेक लागणार नाही. काखेतल्या गाठींची तपासणी आणि पुढच्या गोळ्या दोन्हीकडे आहेतच.

"जास्त कशात जगेन?" मावशींनी सरळ विचारलं.

"दोन्हीत सारखंच. ठेवलेल्या छातीत पुन्हा काही उद्भवायची शक्यता थोडी जास्त, म्हणून दर वर्षी तपासायचं. पण आयुष्याच्या दृष्टीनं तुमच्या बाबतीत दोन्ही उपाय तेवढेच चांगले. निवडायचं तुम्ही."

मावशी तिच्या बोटांकडे बघत राहिल्या. ती आत्ता एक चित्र पुढे सरकवेल, मग सरकवेल. पण बाई ढिम्म.

"बरं, तुमच्या बहिणीला काय सांगितलं असतं?"

"माझी बहीण माझं काहीएक ऐकत नाही," सर्जनबाई हसून म्हणाली. "मंगळवारी या. सावकाश ठरवा."

झालं! आयुष्यभर दुसऱ्यांचं ठरवून दिलेल्या बाईला स्वतःचं ठरवायला सांगितलं, आणि घरात ठरवणाऱ्यांची रांग लागली.

नणंदबाईंचं मत तर रिक्षात बसायच्या आधीच तयार होतं. "काढून टाक गं ते सगळं. ब्याद एकदाची जाईल. रोज बसनं तासभर जा, तासभर ये, दुकान बंद, दगदग किती! आणि या वयात काय करायचंय ते ठेवून?" छाती हा शब्द काही त्यांच्या तोंडून निघत नव्हता. आख्खं आयुष्य त्यांनी त्या अवयवाचा उल्लेख 'ते' असाच केलेला. पण रात्री कूस बदलताना मावशींनी एकदा पाहिलं, तर नणंदबाई अंथरुणात बसून डोळे पुसत होत्या. त्यांना भावजय हवी होती, बाकी काहीही जावो. त्यांच्यावर चिडायचीही सोय उरली नाही.

मुलीचा फोन रोज. "आई, तू अजिबात घाबरून निर्णय घेऊ नकोस," हे ती अशा घाबऱ्या आवाजात सांगायची की फोन ठेवल्यावर मावशीच तिची काळजी करत बसत.

आणि काका, म्हणजे मावशींचे यजमान. निवृत्त पोस्टमन. जन्मभर दुसऱ्यांचे निरोप पोचवले, स्वतःचा असा निरोप त्यांच्याकडे कधी नसायचाच. विचारलं की म्हणत, "तुला योग्य वाटेल ते." सकाळी विचारलं तरी तेच, चहा देताना विचारलं तरी तेच. "अहो, तुम्ही माणूस आहात की भिंत?" मावशी कडाडल्या. काका ओशाळून उठले आणि आधीच धुतलेले कप पुन्हा धुवायला लागले.

मावशी सगळ्यांचं ऐकत, आणि ज्याचं शेवटी ऐकलं ते बरोबर वाटे. त्या गोंधळानं दुकानातला हातही बिघडला. बाई पायरी चढली की मावशी फळीकडे वळत आणि तिथेच थबकत. चक्क गिऱ्हाइकाला विचारू लागल्या, "तुम्हाला कुठला हवाय?" बायका गांगरल्या. असं कधी कुणी विचारलं नव्हतं. एक तर म्हणाली, "मावशी, बरं नाही का तुम्हाला?" आणि लगेच जीभ चावली, कारण बरं नाही हे एव्हाना सगळ्या गल्लीला ठाऊक होतं.

शनिवारी कोर्टातल्या टायपिस्टबाई आल्या. जुनं गिऱ्हाईक. मावशींनी सवयीनं त्यांचा बदामी रंगाचा डबा काढला, आणि हल्लीच्या खोडीप्रमाणे विचारलं, "हाच ना?"

टायपिस्टबाईंनी डब्याकडे पाहिलं. मग दाराकडे. मग हळूच म्हणाल्या, "खरं सांगू का? मला हा कधीच आवडला नाही."

"म्हणजे?" मावशी खुर्चीतून उठल्याच. "इतकी वर्षं नेताय की! बसत नाही का नीट?"

"बसतो हो, छान बसतो. म्हणून तर काही बोलता येईना. तक्रार कशाची करायची? आणि तुम्ही इतक्या खात्रीनं देता!"

"मग हवा कुठला होता?"

टायपिस्टबाईंनी काचेतल्या लाल लेसवालीकडे बोट केलं, आणि चोरी पकडल्यासारख्या लाल झाल्या.

"अहो, पांढऱ्या ब्लाउजातून दिसेल ती!"

"आत काहीतरी घालीन. पण हवी तीच." मग जरा जोर धरून म्हणाल्या, "आवडते म्हणून."

मावशींनी मुकाट्यानं लाल डबा काढून दिला. टायपिस्टबाई पायऱ्या उतरून गेल्या त्या जवळजवळ उड्या मारत.

ते दोन शब्द मावशींच्या मागे लागले. दुकान बंद करताना त्या पडद्याआडच्या आरशासमोर गेल्या. या आरशात त्यांनी गावभरच्या बायका पाहिल्या होत्या, स्वतःकडे मात्र बघायची सवड कधी काढली नव्हती. कपडे उतरवून त्या बघत राहिल्या. डावी उजवीपेक्षा किंचित भरलेली, हे तर गिऱ्हाइकाचं असतं तर पायरीवरच कळलं असतं. दोन लेकरं हिच्यावर वाढली. सैल झाली होती, सुईच्या जागी काळंनिळं झालं होतं, आत ती मेली गाठ होती. तरी मावशींना ती आवडत होती. यात काही खोल नव्हतं. आपली होती आणि आवडत होती, बस्स.

पण हे सांगायचं कसं? अठ्ठावन्न वर्षांच्या बाईनं, नणंदेसमोर? मावशींना एकटीलाच हसू फुटलं आणि पाठोपाठ घामही. त्यापेक्षा चारचौघांत शोभेल असं कारण बरं, असं म्हणून त्यांनी एक रचून ठेवलं.

मंगळवारी तिघं सर्जनबाईसमोर बसले. नणंदबाईंनी सुरुवात केली, "आमचं ठरलंय, ते काढूनच टाका."

"मी यांना विचारतेय," सर्जनबाई म्हणाली.

मावशींनी घसा साफ केला. "माझं काय आहे, मला दुकानात उभं राहावं लागतं. मोठं ऑपरेशन झेपायचं नाही. म्हणून गाठ तेवढीच काढावी म्हणते."

"खरं सांगायचं तर," सर्जनबाई म्हणाली, "दुकानाचंच बघायचं, तर रेडिएशनला तुमचे जास्त दिवस मोडतील. थकवाही येतो. त्या हिशेबानं दुसरा उपाय सोयीचा."

"मी काय सांगत होते!" नणंदबाई म्हणाल्या.

रचलेलं कारण असं एका फटक्यात गेलं. मावशींनी काकांकडे पाहिलं. काका छतावरच्या पंख्याकडे बघत होते. आता गप्प बसलं की सगळं सोयीनं पार पडणार होतं, कुणी काही वावगं म्हणणार नव्हतं, आणि पुढची सगळी वर्षं मावशी ते, टायपिस्टबाईंच्या बदामी डब्यासारखं, नीट बसवून घेणार होत्या.

"मला आवडते ती," मावशी म्हणाल्या. आवाज दुकानातला निघाला, बाहेर बाकावर बसलेल्यांनीही ऐकला असणार. "दुसरं काही कारण नाही. माझी छाती मला आवडते. कॅन्सर काढा, ती राहू द्या. रोज यायला लागलं तर येईन."

नणंदबाईंनी पर्स उघडून त्यात नसलेलं काहीतरी शोधायला घेतलं.

"मलाही," काका म्हणाले.

तिघी त्यांच्याकडे वळल्या. काकांचे कान लालबुंद झाले होते, पण नजर पंख्यावरून उतरून मावशींवर आली होती आणि तिथून हलत नव्हती. "मलाही आवडते. आपण कसं बोलायचं, म्हणून बोललो नाही."

मावशींनी सर्जनबाईच्या देखत त्यांचा हात धरला. डोळ्यांत पाणी आणि तोंडावर हसू, दोन्ही एकदम आलं, आणि त्यांनी काहीच आवरलं नाही.

"हे काय चाललंय तुमचं!" नणंदबाई म्हणाल्या. पर्स खटकन बंद झाली. मग त्या सर्जनबाईकडे वळून म्हणाल्या, "ते रेडिएशन सकाळचं मिळेल का हो? सकाळी मी बसेन दुकानात."