चार बकऱ्या आणि पॅसिव्ह व्हॉइस

आमच्या ढोबळी मिरचीच्या दोन ओळी इंग्रजी व्याकरणाने खाल्ल्या. बाबा अजूनही बकऱ्यांचं नाव घेतात, पण तो त्यांचा मोठेपणा.

तेव्हा मी बारावीला होते. आमच्या कैनाड गावाहून शेअर रिक्षाने डहाणूच्या कॉलेजात जायचे. कागदावर माझं इंग्रजी बरं होतं. तोंड उघडलं की ते पळून जायचं. तोंडी परीक्षा जवळ आली तशी बाईंनी सांगितलं, घरी थोडं थोडं इंग्रजी बोलत जा. त्यातलं 'थोडं थोडं' मी परतीच्या रिक्षातच विसरले. घरात पाऊल टाकल्या टाकल्या जाहीर केलं, की उद्यापासून कुणी मराठीत बोललं तर मला ऐकू येणार नाही.

बाबांनी दोन दिवसांत तोडगा काढला. यस, नो आणि ओके एवढ्यात संसार चालतो, हे त्यांनी मला दाखवून दिलं. एका सकाळी मी त्यांना इंग्रजीत विचारलं, तुमचा मोबाइल कॉलेजात नेऊ का? ते म्हणाले, "यस." मग दिवसभर मळाभर मोबाइल शोधत फिरले.

आईने मात्र हे फार मनावर घेतलं. तिची शाळा सातवीतच सुटलेली. त्यात त्या आठवड्यात विहिरीच्या पायरीवरून घसरून तिचा पाय मुरगळला होता आणि डॉक्टरांनी पाय जमिनीला टेकवायचा नाही, असं बजावलं होतं. ती ओटीवरच्या खाटेवर पडून एकेका वस्तूकडे बोट दाखवायची, मी सांगितलेला शब्द पुटपुटत पाठ करायची. उद्या पोरगी मोठ्या ऑफिसात लागली तर तिच्याशी बोलता यायला हवं, असं तिने बाबांना हळूच सांगितलं होतं. (मराठीत. म्हणून मी ते न ऐकल्यासारखं केलं.)

गुरुवारी दुपारी बाबा खत आणायला डहाणूला गेले होते. मी खाटेला टेकून, मळ्याकडे पाठ करून व्याकरणाचं पुस्तक वाचत होते. आई म्हणाली, "बाय, बकऱ्या."

मी मान न वळवता बोट वर केलं. "इंग्लिश, मम्मी." (आईला मम्मी म्हणणं हासुद्धा त्याच आठवड्यातला शोध.)

ती जरा थांबली. "गोट," म्हणाली.

मी खूश झाले. शब्द पाठ झाला होता. आता वाक्य कर, असं मी तिला इंग्रजीत सांगितलं.

"गोट कम."

किती, ते विचारलं. चार होत्या. म्हणजे गोट नाही, गोट्स. आणि कम नाही, आर कमिंग. आईने घाईघाईने म्हणून दाखवलं. मग म्हणाली, "गोट्स ईट."

"आर ईटिंग. व्हॉट आर दे ईटिंग?"

"मिरची."

मी तिला कॅप्सिकम शिकवलं. तिचा आवाज चढत चालला होता. मला वाटलं, आत्मविश्वास वाढतोय. एवढी प्रगती बघून मी पुढचाच धडा घेतला. हेच वाक्य पॅसिव्ह व्हॉइसमध्ये कसं होईल? आई बिचारी माझ्यामागून एकेक शब्द म्हणत गेली, कॅप्सिकम इज बीइंग ईटन बाय गोट्स, आणि मग तिचा धीर सुटला.

"अगं बाय, खरंच खातायत."

मी वळून पाहिलं. शेजारच्या जमनाकाकीच्या चार बकऱ्या कुंपणाच्या फटीतून आत शिरून दोन ओळी संपवून उभ्या होत्या. मी "गो, गो" करत धावले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि तिसऱ्या ओळीकडे वळल्या. मी हातातलं व्याकरण फेकून मारलं. एका बकरीने ते हुंगलं आणि सोडून दिलं. ठिबकच्या नळीत पाय अडकून मी चिखलात आडवी झाले, तेव्हा माझ्या वजनाने तिसरी ओळ गेली. त्या धडपडण्याला घाबरून बकऱ्या एकदाच्या बाहेर पडल्या.

संध्याकाळी बाबांनी मिरचीच्या उरलेल्या ओळी मोजल्या. मग मला विचारलं, तू कुठे होतीस? मी म्हटलं, इथेच. आईच म्हणाली, "तिला नका बोलू. मला नीट सांगता आलं नाही."

त्या वाक्याने मला जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवसापासून घरात मराठी सुरू झाली आणि हंगाम संपेपर्यंत कुंपणाची राखण माझ्याकडे आली. तोंडी परीक्षा मी तिथेच, बकऱ्यांशी मोठ्याने बोलून, तयार केली. पास झाले.

निकालानंतर आई पेढे घेऊन जमनाकाकीकडे गेली. काकींनी विचारलं, पोरगी इंग्रजी बोलते का आता?

"बोलते फार छान," आई म्हणाली. "फक्त तिला समजत नाही."