भिंगरीआजीचा रोट

रेकॉर्डिंग संपलं की सुमनमावशी कानावरचा हेडफोन काढायच्या आधी काचेपलीकडून मला विचारायच्या, "पोरी, मना तोंडमाईन काही वाईट तं नई निंघनं ना?" दर वेळी, न चुकता. नुसती शिंक आली तरी! "नाही हो मावशी, झकास झालं," असं मी म्हटल्याशिवाय बाई खुर्ची सोडायच्या नाहीत.

सुरतेत उधन्याला साडीच्या गोदामावर आमचा कार्टूनचा छोटासा स्टुडिओ आहे. शेजारी कापड विणणाऱ्या लूमचा दिवसभर खडखडाट, म्हणून एका खोलीच्या भिंतींना गाद्या ठोकून आवाजाची खोली केलेली. मावशी घरी साड्यांना टिकल्या चिकटवायच्या आणि तयार माल गोदामात आणून द्यायच्या. एकदा त्या खाली भाजीवाल्याशी हुज्जत घालत होत्या, तो आवाज आमच्या स्टुडिओच्या मालकांनी ऐकला आणि आम्हाला आमची भिंगरीआजी सापडली. दर रविवारी सकाळी टीव्हीवर ही आजी धमाल उडवायची. पडद्यावरची म्हातारी कुणाच्या बापाला भीत नसे, आणि तिला आवाज देणारी बाई मात्र लिफ्टमध्ये डोळे मिटून देवाचं नाव घेत उभी! "ज्या दिन जास्त हसनं, त्या दिन मन्हं काळीज धडधडस," असं म्हणायच्या. मी त्यांची भरपूर चेष्टा करायची.

नवरा गेलेला, मूलबाळ नाही. लिंबायतला एक खोली. सुरतेत आपलं म्हणावं असं एकच घर, थोरल्या दिरांचं, म्हणजे आबांचं. श्रावणातल्या एका रविवारी खानदेशची कानबाई देवी बसते, ती तिथे. त्या रविवारी सगळे भाऊबंद जमतात, देवीचे रोट, म्हणजे जाडजूड पोळ्या, होतात, आणि ते भाऊबंदांनीच खायचे, परक्याला कणभरही द्यायचे नाहीत, असा कडक नेम. "वरीसभर मी एकलीच जेवस. त्या दिन पंगतमा बसस," हे सांगताना मावशींचा चेहरा उजळायचा.

गेल्या वर्षी मालकांनी कानबाईच्याच रविवारसाठी एक भाग लिहिला. भिंगरीआजीचा रोट फुगून एवढा मोठा होतो, की दारातून गडगडत सुटतो आणि सगळी गल्ली त्याच्यामागे धावते. शेवटी तो लूमवरच्या एका उपाशी ओडिया कारागिराच्या पायाशी येऊन थांबतो. लिहिलेलं असं, की आजी रोट उचलते आणि घरी पळते. पण मावशी रंगात आलेल्या. ज्या बाईनं जन्मभर दारी आलेल्याला उपाशी पाठवलं नाही, तिच्या तोंडून आपसूक निघालं, "खाय ले रे भाऊ, उपाशी नको राहू!" आम्ही पोट धरधरून हसलो. मालक गुजराती, मी यवतमाळकडची; नेम कुणाच्या लक्षात येणार? आमच्याकडे आधी आवाज होतो, मग त्यावर चित्रं चालतात. मीच ते हलणारे ओठ काढले, रोट देणारा हात काढला.

कानबाईच्या आदल्या दिवशी मावशी धापा टाकत आल्या. हाताला पीठ तसंच. "काढी टाक ना ते! रोटनं पीठ दळता दळता ध्यानात उनं. आबा माले पंगतमा बसू देवाव नईत." पण भाग कधीच चॅनेलकडे गेला होता. मी फोनवर फोन केले, विनवण्या केल्या, शेवटी भांडलेसुद्धा. काही उपयोग झाला नाही.

रविवारी तो भाग लागला आणि गल्ली खदखदून हसली. दिवसभर लोकांनी आबांना छेडलं, "काय आबा, यंदा रोट गल्लीले का?" संध्याकाळी मावशींनी मला सोबत नेलं. मी दर्शनापुरतीच जाणार होते. दारातच आबा म्हणाले, "देवीना रोट टीव्हीवर वाटी टाका ना? आते आठे कसाले उनी?" आत ताटं मांडली होती. मावशींचं ताट नव्हतं. माझं डोकंच फिरलं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात त्यांनी माझा हात घट्ट दाबला. "बोलू नको. देवी बठेल शे." उंबऱ्यावरूनच नमस्कार करून त्या वळल्या.

काम त्यांनी सोडलं नाही. त्यानंतर रेकॉर्डिंग संपलं की काही न विचारता पिशवी उचलायच्या आणि जायच्या. मला ते सहन होईना. मग मीच मागे लागून "छान झालं हं" म्हणायची.

यंदा श्रावण आला, आबांचं बोलावणं आलं नाही. मावशींनी आपल्याच खोलीत कानबाई मांडली. मी ओटीचं सामान घेऊन गेले. एकट्या बाईनं सगळं साग्रसंगीत केलं होतं. देवीपुढे रोट होते. मला त्यांनी चहा दिला, चिवडा दिला, केळं दिलं. रोटाकडे माझी नजर गेलेली पाहून ओशाळल्या.

"राग नको धरू पोरी. तुले देता येत नई."

मला राहवलं नाही. "मावशी, अहो, ज्यांनी तुम्हाला दारातून परत पाठवलं, त्यांचा नेम तुम्ही अजून पाळता? भिंगरीआजीनं तर बिनधास्त दिला!"

"तिले भाऊबंद नईत," मावशी म्हणाल्या. "माले भाऊबंद शेतस."

मग त्यांनी दोन रोट ताटलीत घेतले, वर दुसरी ताटली झाकली. "हाऊ आबासना वाटा," म्हणाल्या आणि दार सताड उघडून उंबऱ्याशी बसल्या. जिन्यात कुणाचंही पाऊल वाजलं की त्या पदर सावरून उठत होत्या.