म्हणे, वरचा मजला तेवढा कापा!

पासष्ट लाकडी तुळया, दोनशे चाळीस कौलं, अकरा खिडक्या आणि घोडागाडी आत जाईल अशी मधली कमान. जुन्या इंग्रजी सराईचं हे मॉडेल सिंगापुरातल्या आमच्या पुंगोलच्या फ्लॅटमध्ये, जेवणाच्या टेबलावर, आठ महिने खपून मी स्वतःच्या हातांनी केलंय. कुठलाही कोर्स न करता, मंडळी.

आज जुरोंग ईस्टचे एक रेस्टॉरंटवाले ते विकत घ्यायला आले. आपलेच, पुण्याचे. टेप लावून म्हणाले, "काका, वरचा मजला दोन सेंटिमीटर पुढे आलाय. आमच्या काचेच्या कपाटात बसणार नाही. तेवढा कापून सरळ करा ना."

म्हटलं, "अहो, ती चूक नाहीये. त्या काळी तुळया खालच्या भिंतीबाहेर काढून त्यांच्यावर वरची भिंत उभी करायचे. ते कापलं तर नुसता खोका उरेल."

"कोणाच्या लक्षात येणारे?"

आतून माझी लेक अस्सल सिंगापुरी इंग्रजीत ओरडली, "बाबा, जस्ट कट लाह!"

माझ्या लक्षात येईल ना! तुम्हीच सांगा, कपाट मोठं करायचं की सराई छाटायची?

मी नाही म्हटलं. ऑफर होती तीन हजार सिंगापूर डॉलरची.