हिराकशीचा दुसरा हात

मी कुणाला भीत नाही, असं आमची अख्खी गल्ली सांगेल. पाणीवाल्यापासून घरमालकापर्यंत सगळ्यांना मी तोंडावर बोललेली आहे. पण एका माणसाचा आवाज ऐकला की माझ्या पोटात गोळा यायचा, आणि त्या गोळ्यापायी मी माझ्या नवऱ्याची अकरा वर्षं खाल्ली. आज ते सांगून टाकते.

नवऱ्याला सगळे पारखी म्हणायचे. मीही तेच म्हणायला लागले. जुन्या तलवारी ओळखणं हा त्यांचा धंदा. कुणाच्या माळ्यावर गंजलेलं पातं निघालं की ते फडक्यात गुंडाळून आमच्याकडे यायचं. दुकान म्हणजे जिन्याखालची दहा बाय बाराची खोली. खिडकीशी लांब टेबल, त्याला स्क्रूनं आवळायचा शिकंजा, तेलाच्या बाटल्या, आणि फडकी इतकी की धुणं वाळत घातलंय असं वाटावं. पारखी पातं आधी नाकाशी धरायचे, मग नखानं टिचकी मारून कानाशी न्यायचे, आणि सगळ्यात शेवटी डोळ्यांपुढे. मी म्हणायची, "एकदा चाटूनही बघा, काही राहायला नको." ते म्हणायचे, "चाटलं गं, तुझं लक्ष नव्हतं."

जुन्या काळच्या काही पोलादाच्या अंगातच नक्षी असते, लाकडात रेषा असतात तशी. पातं घासलं की ती दिसेनाशी होते, पण हिराकशीच्या हिरव्या खड्यांचं पाणी लावलं की परत वर येते, कारण ती आतपर्यंत असते. नकली मालावर तेजाबानं वरवर नक्षी काढलेली असते; ती घासली की गेली ती गेलीच. म्हणून एक कोपरा घासायचा, हिराकस लावायची आणि वाट बघायची. अशा पात्याचा वैरी एकच, आग. लालभडक तापलं तर आतली नक्षी कायमची मरते. मूठ आत लाखेनं चिकटवलेली असते, ती काढायची तरी फक्त उकळत्या पाण्यानं. "ज्योत नाही. कधीच नाही." लग्नानंतर पारख्यांनी हे मला जितक्या वेळा सांगितलं, तितक्या वेळा माझं नावही घेतलं नसेल.

आता तो माणूस. त्याच्या दगडाच्या खाणी होत्या, म्हणून खाणवाले. बंगल्यात तीनशे तलवारी, काचेच्या कपाटांत. दर गुरुवारी सकाळी दहाला पारखी तिकडे जायचे, पाती बघायचे, तेल लावायचे, वहीत टिपणं काढायचे. गुरुवार म्हणजे त्यांचा जीव की प्राण. बुधवारी रात्रीच बूट पुसून ठेवायचे. मी चिडवायची, "सवतीकडे निघालात वाटतं." ते लाजायचेसुद्धा, काय सांगू!

पण खाणवाले म्हणजे जमदग्नी. एका मूठ बसवणाऱ्या कारागिराच्या हातून सोन्याच्या कामावर ओरखडा पडला, तर त्याला चारचौघांत असा फाडला की तो बिचारा गाव सोडून गेला. ते आमच्या दुकानात आले की त्यांची काठी आधी ऐकू यायची, आणि मी, जिची जीभ कधी थांबत नाही ती मी, आतल्या खोलीत जाऊन भांडी घासायला लागायची. घासलेलीच भांडी.

एक दिवस त्यांनी आजोबांची तलवार आणून टेबलावर ठेवली. त्यांच्या संग्रहातली सगळ्यांत लाडकी. पात्यावर शिडीसारखी नक्षी होती. कुणीतरी दिवाणखान्यात भर लोकांत म्हणालं होतं की ही नक्षी वरून काढलेली आहे. खाणवाल्यांचा चेहरा दगडासारखा झाला होता. "मूठ काढा, खाली कारागिराची खूण असेल ती बघा, आणि शनिवारपर्यंत मला खरं सांगा," ते म्हणाले. ते गेल्यावर पारखी पात्याकडे बराच वेळ बघत राहिले. "शिडी फार सारखी आहे," एवढंच पुटपुटले. खरी असेलही, नसेलही.

शुक्रवारी दुपारी पारखी डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले. मूठ मीच काढणार होते. शंभरेक तरी काढल्या असतील मी. दोनदा उकळतं पाणी ओतलं, मूठ ढिम्म हलेना. लाखेत कुणीतरी भलतंच काही मिसळलं होतं. माझा स्वभाव तुम्हाला आता कळलाच असेल. म्हटलं, काय होतंय, दोन मिनिटं डागकामाची गॅसची बत्ती दाखवू, लाख पाघळली की बंद. पातं शिकंज्यात होतं. बत्ती स्टँडवर ठेवली, ज्योत बारीक केली, मुठीवर धरली.

आणि आतल्या खोलीत फोन वाजला.

"कोण, बाई का? मी उद्याच्याऐवजी आजच येतो. चार वाजता." खाणवाले! मग ते बोलायलाच लागले. आजोबांनी ती तलवार कशी मिळवली, लहानपणी त्यांना तिला हात लावू द्यायचे नाहीत, आजोबा गेल्यावर पहिल्यांदा हातात घेतली तेव्हा ते कसे रडले. एरवी दोन शब्दांवर तिसरा न बोलणारा माणूस त्या दिवशी बोलत सुटला होता. बाहेर दुकानातून बत्तीचा फुसफुस आवाज मला ऐकू येत होता. "जरा थांबा" एवढे दोन शब्द म्हणायचे होते. मला ते म्हणता आले नाहीत. भीतीच तशी होती. मी "हो, हो" करत उभी राहिले, फोनची वायर बोटाला गुंडाळत.

परत आले तेव्हा बत्ती स्टँडवर सरकली होती आणि ज्योत पात्यावर होती. मुठीच्या वरचं चार बोटं पोलाद शेगडीतल्या निखाऱ्यासारखं लाल.

मी बत्ती बंद केली आणि खाली फरशीवरच बसले.

पारखी आले, तेव्हा ते पोलाद काळं पडलेलं होतं. मी काही बोलायच्या आतच त्यांनी बत्ती पाहिली. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी कोट काढून खुंटीला लावला, काळा भाग घासला, हिराकस लावली. एकदा, दोनदा, तीनदा. नक्षी आली नाही.

"मेली?" मी विचारलं.

"एक तर मेली, नाहीतर कधी नव्हतीच," ते म्हणाले. "नकली असेल तर आपण सुटलो. टोकाशी घासून बघितलं की कळेल."

"मग बघा ना आत्ताच!"

"अगं, आता मी एकट्यानं बघून नकली म्हटलं, तर तो म्हणेल, जाळली आणि वर खोटी ठरवली. त्याच्या डोळ्यांदेखत बघायचं."

आमच्या उभ्या आयुष्यात आम्ही पहिल्यांदाच, पातं खोटं निघू दे, म्हणून वाट बघत बसलो. सवातीन वाजले होते. मी जळक्या भागावर फडकं गुंडाळलं. गाठ तीनदा सुटली. पारख्यांनीच मग मारली. चहा केला, कुणी प्यायलं नाही.

चारला पाच मिनिटं असताना काठी वाजली.

या खेपेला मी आत पळाले नाही. पळायला पाय तरी हवेत ना! दाराला टेकून उभी राहिले. पारखी म्हणाले, "बसा. तुमच्यासमोर एक परीक्षा करायची आहे. टोकाशी दोन बोटं जागा घासणार आहे. परवानगी द्या." खाणवाले मान डोलावून बसले. पारख्यांनी नक्षी पार जाईपर्यंत घासलं, तेल पुसलं, कापसानं हिराकस फिरवली. तिघेही त्या दोन बोटांकडे बघत होतो.

काहीच आलं नाही. नुसतं राखाडी पोलाद.

खाणवाल्यांचा चेहरा पडला. "म्हणजे खोटी," ते हळू आवाजात म्हणाले. "आजोबांना फसवलं कुणीतरी."

म्हणा हो, माझा जीव आतून ओरडत होता. हो म्हणा, एक शब्द, आणि सुटलो. ते स्वतःच म्हणतायत ना! पारख्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या डोळ्यांत काय होतं ते त्यांना स्वच्छ वाचता येत होतं, चाळीस वर्षं संसार केलेला. मग त्यांनी बाटली उचलली.

"थांबा," ते म्हणाले. "हिराकस गार आहे. दुसरा हात द्यायला लागेल."

त्यांनी बाटली गरम पाण्यात धरली आणि दुसरा हात दिला. आधी एक रेघ, मग तिच्या बाजूला आणखी एक. मग शिडीची एकेक पायरी त्या राखाडी जागेतून वर आली, जशी होती तशीच. आणि काय सांगू, त्या क्षणी, डोक्यावर तलवार टांगलेली असताना, माझ्या नवऱ्याचा चेहरा खुलला! अस्सल पातं दिसलं की खुलायचा तसाच.

"खरी आहे," ते म्हणाले. "अव्वल दर्जाची." खाणवाले उठले, त्यांचे डोळे भरून आले होते. तेवढ्यात पारख्यांनी फडक्याची गाठ सोडली. "आणि इथे जळली आहे. माझ्या हातून. मी ज्योत लावली."

"तुम्ही? ज्योत?"

"हो. मीच."

खाणवाल्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडायला हवं होतं. मी फरशीकडे पाहिलं. ते ओरडले नाहीत. तलवार उचलली, दारापर्यंत गेले आणि पाठमोरेच म्हणाले, "गुरुवारी येऊ नका."

आयुष्यभर खरं काय आणि खोटं काय ते सांगणारा माणूस. एकदाच खोटं बोलला.

त्यानंतर आमच्याकडे पाती यायची बंद झाली. पारख्यांनी ज्योत लावली, ही बातमी वाऱ्यासारखी पसरली होती. ते घरोघरच्या सुऱ्या आणि शिंप्यांच्या कात्र्यांना धार लावायला लागले. बुधवारी बूट मात्र पुसायचे. गुरुवारी दहा वाजता खिडकीशी बसायचे. मी कितीदा म्हटलं, "मी जाते, सांगते त्यांना." ते म्हणायचे, "राहू दे गं. तुला तो काही बोलला तर मला त्याच्या थोबाडीत मारावी लागेल, या वयात." मी हसायची. सुटकेनं हसायची, हे मला ठाऊक होतं. त्यांनी राहू दे म्हणावं म्हणूनच मी विचारायची. बंगला आमच्यापासून पंधरा मिनिटांवर होता. अकरा वर्षं मला ती पंधरा मिनिटं चालवली नाहीत.

गेल्या महिन्यात पारखी गेले. चौथ्या दिवशी जिन्याशी काठी वाजली. खाणवाले खूप म्हातारे झालेत, हात धरून बसवावं लागलं. टेबलाकडे, शिकंज्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "असा डोळा पुन्हा होणे नाही. ती एक चूक सोडली तर."

पोटात तोच गोळा. तरी मी बोलले. बत्ती, फोन, बोटाला गुंडाळलेली वायर, सगळं. मला वाटलं आता काठी आपटतील. त्यांनी काठी भिंतीला टेकवून ठेवली.

"आता सांगताय?" ते म्हणाले.

मी पदरानं शिकंज्यावरची धूळ पुसत राहिले.

"गुरुवारी दहा वाजता मी फाटक उघडून ठेवायला सांगायचो," ते म्हणाले. "बोलून बसलो होतो, मागे घेता येईना. म्हटलं, एखादं निमित्त घेऊन तरी येतील. अकरा वर्षं फाटक उघडं होतं, वहिनी."