आभाळातली फौज आणि सुकदेवची हाक

सुकदेव हा चुडामणभाऊचा पाठचा भाऊ. सख्खा. एका ताटात जेवलेला, एका गोधडीत झोपलेला. चुडामणभाऊ म्हणजे हे लिहिणारा मीच, पण गोष्टीत सारखं मी-मी केलेलं बरं दिसत नाही, म्हणून चुडामणभाऊच म्हणतो.

चुडामणभाऊची शाळा सातवीत आटोपली. पण रावेर स्टेशनावर केळीच्या वॅगनी भरणाऱ्या टोळीचा तो मुकादम होता, आणि त्याच्या टोळीनं भरलेला घड दिल्लीत काळा निघाला असं सांगणारा अजून जन्माला यायचाय. अंगानं दांडगा. दोन खांद्यांवर दोन घड घेऊन फळीवरून चालायचा आणि वर पान चघळायचा. सुकदेव मात्र काटकुळा. घड उचलायचं त्याच्या अंगात नव्हतं. पण त्याला गळा असा होता, की तसा गळा अख्ख्या तालुक्यात दुसरा नव्हता. हे भाऊ म्हणून सांगत नाही. कोणालाही विचारा.

खांद्यावर घड घेतला की हमालाची मान एका अंगाला दबते. समोरचं नीट दिसत नाही, बाजूचं तर मुळीच नाही. वीस-पंचवीस माणसं अशी अर्धी आंधळी होऊन फलाटावरून वॅगनीत शिरायची. एकमेकांवर आपटली तर केळीला मुकामार बसतो, आणि तो मार दिल्लीत दिसतो. म्हणून वॅगनीच्या दारात सुकदेव उभा राहायचा आणि हाक द्यायचा. "येऊ दे, येऊ दे... थांब रे... आता येऊ दे." हमाल म्हणायचे, "आलो रे आलो." डोळे मिटून चालावं इतका त्या आवाजाचा भरवसा.

भरलेल्या वॅगनी वेळेवर जायच्या, पण रिकाम्या कधी वेळेवर यायच्या नाहीत. मग टोळी केळीच्या सुक्या पानांच्या ढिगावर बसून राहायची. एकोणसत्तर साली माणूस चंद्रावर उतरल्याचं स्टेशनाबाहेरच्या चहावाल्याच्या रेडिओवर ऐकलं, तेव्हाही अशीच बसली होती. टोळीतला छगन म्हणाला, "आपन तठी जाऊ शकतो, त तिकडचे अठी येऊ शकता. फौज घेऊन आले त आपलं काय व्हईन?"

सगळे आपलं काय होईल ते बोलायला लागले. कोणी तापीत उडी मारणार होता, कोणी सातपुड्यात लपणार होता. सुकदेवनं सगळ्यांचं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "ते आपल्यापर्यंत येतीन तव्हा येतीन. वाटेत कितीक ग्रह लागतीन. तठी बी लोक असतीन ना? त्याईचं काय? सगळ्यात जास्ती हाल कोनाचे व्हतीन?"

असा तो माणूस. आभाळातून फौज यायची तर याला वाटेतल्या लोकांची काळजी.

तिथून तो खेळ सुरू झाला. ज्यानं त्यानं आपापले ग्रहवाले धरले आणि पंचायतीत भांडावं तसं त्यांच्या वतीनं भांडायला लागला. छगननं मंगळवाले घेतले. "लढवय्ये हायेत. मागं हटायचे नाही. जो मागं हटत नाही तोच सगळ्यात आधी मरतो." कौतिकनं शनीवाले घेतले. त्यांच्याभोवती कडं, पळायला वाट नाही. कौतिक म्हणायचा, "मी सासुरवाडीत राहतो, मले ईचारा." घडांना सुकी पानं बांधणाऱ्या बेबाबाईनं कुठल्या तरी लांबच्या ताऱ्यावरचे लोक काढले. त्या अख्ख्या ग्रहाला एकच माय. सगळी तिचीच लेकरं. "ती एक मेली का सगळा ग्रह पोरका," ती म्हणायची, आणि हे म्हणताना दरवेळी तिचे डोळे भरायचे. चुडामणभाऊनं साहजिकच गुरूवरचे धिप्पाड घेतले. मोठ्या माणसानं लपायचं कुठं, हा त्याचा मुद्दा. मुद्दा बिनतोड होता, पण कोणी मानायचं नाही.

आणि सुकदेवचे होते बिनडोळ्यांचे. त्यांना डोळे नाहीत, हात नाहीत, फक्त आवाज. माय हाक देते, लेकरू ओ देतं, त्यावरून एकमेकांना सापडतात. अख्खा ग्रह रात्रंदिवस गुणगुणत असतो. "फौजेनं त्याईले मारायची बी गरज नाही," सुकदेव सांगायचा. "नुसता त्याईचा आवाज काढून घेतला का झालं. माय लेकराच्या शेजारी उभी असन, अन तिले ठाव नसन."

निकाल द्यायचं काम सुकदेवचंच होतं, कारण खेळ त्यानं काढलेला. पण निकालाची वेळ आली की हटकून वॅगन यायची. सगळे उठायचे, घड खांद्यावर घ्यायचे, आणि निकाल उद्यावर जायचा. तो चार वर्षं उद्यावर गेला.

त्र्याहत्तरच्या थंडीत सुकदेवचा घसा बसला. हळद-दूध झालं, काढे झाले, नवस झाला. हाक फाटायला लागली. एक दिवस वॅगनीच्या दारात दोन हमाल एकमेकांवर आपटले आणि सुकदेव तिथंच खाली बसला. चुडामणभाऊनं त्याला धुळ्याला नेलं. देवपुरात चुलतभाऊ राहायचा, त्याच्याकडे उतरले आणि पांझरेच्या पुलावरून रोज दवाखान्यात चकरा केल्या. शेवटी मोठ्या डॉक्टरांनी तपासलं आणि गळ्यात गाठ आहे म्हणाले. वाईट गाठ.

चुडामणभाऊ त्यांना म्हणाला, "डॉक्टरसाहेब, माझ्या भावाचा आवाज मालगाडीच्या या टोकापासून त्या टोकाला जातो. जरा जपून हात लावा."

डॉक्टर भला माणूस होता. म्हणाला, "आवाज राहणार नाही, भाऊ. आवाज ठेवला तर माणूस राहणार नाही."

सुकदेवनं दोन दिवस घेतले. मग त्यानं ऑपरेशनच्या कागदावर अंगठ्याच्या ऐवजी सही केली. सही सुरेख यायची त्याची.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी टोळी केळीच्या ट्रकमध्ये बसून धुळ्याला आली. चुडामणभाऊनं बोलावलं नव्हतं. दवाखान्याच्या अंगणात मोठा निंब होता, त्याच्या पारावर दिवस मावळायच्या सुमाराला सगळे बसले. सुकदेवची बायको लताबाई सतरंजी टाकून गेली. दुपारी नवराबायकोचं काय बोलणं झालं ते तिनं आजवर कोणाला सांगितलं नाही, आणि कोणी विचारलंही नाही.

छगन म्हणाला, "सुकदेवभाऊ, आज वॅगन येनार नाही. निकाल दे."

आणि भांडण सुरू झालं. असं भांडण त्या खेळात कधी झालं नव्हतं, कारण प्रत्येकाला एकच धास्ती होती. सुकदेवनं आज बिनडोळ्यांच्या बाजूनं निकाल द्यायला नको. छगन मंगळवाल्यांसाठी असा तावातावानं बोलला की दारातला वॉचमन बघायला आला. कौतिकनं शनीचं कडं आणखी आवळलं. बेबाबाईनं त्या एका मायेला आजारी पाडलं, लंगडी केली.

"बेबाबाई, आता तिले मारून टाक एकदाची," कौतिक म्हणाला.

"मेल्या, तुह्या तोंडात किडे पडो," बेबाबाई म्हणाली, आणि सुकदेव हसला. हसताना नुसती हवा आली.

चुडामणभाऊनं तेवढी गुरूवाल्यांची बाजू मांडली नाही. तो पाराला लागून असलेल्या दवाखान्याच्या भिंतीचे पोपडे नखानं काढत बसला होता.

सुकदेवनं हात वर केला. सगळे थांबले. फाटक्या भात्यासारखा त्याचा आवाज आला, पण प्रत्येक शब्द कळला.

"गुरूवाले. भाऊचे."

"काहून रे?" छगननं विचारलं.

"मंगळवाल्याईचे पोवाडे व्हतीन. शनीवाल्याईची कीव येईन. एका मायवाल्याईसाठी बेबाबाई रडन." तो दम घ्यायला थांबला. "गुरूवाल्याईले कोन्ही ईचारनार नाही. एवढे मोठे, त्याईले काय व्हते, असं म्हनतीन. अन ते बी म्हनतीन, आमले काही झालं नाही."

चुडामणभाऊनं भिंतीकडून मान वळवली नाही.

"अन तुह्ये बिनडोळ्याचे?" कौतिक हळूच म्हणाला. "आवाज गेल्यावर?"

चार वर्षांत हे त्याला कोणी विचारलं नव्हतं. "एकाचा गेला त दुसरा हाक देतो," तो म्हणाला. "त्याईचं निभते."

लताबाईनं त्याला आत नेलं. टोळी त्या निंबाखालीच आडवी झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुकदेवला हिरवे कपडे घालून ढकलगाडीवर निजवलं. वरच्या मजल्याच्या व्हरांड्यातून गाडी निघाली. एका बाजूला लताबाई, एका बाजूला चुडामणभाऊ. व्हरांड्याच्या कठड्याशी आल्यावर सुकदेव कोपरावर उठला, अंगणाकडे तोंड केलं आणि हाक द्यायला गेला. "येऊ..." एवढंच निघालं. पुढं खोकला. खाली निंबापर्यंत काही पोचलं नाही. नर्स म्हणाली, "पडून राहा, बोलू नका." तो पडला, पण कान खालीच लावून.

मग चुडामणभाऊ कठड्याला टेकला आणि छाती भरून ओरडला, "येऊ दे, येऊ दे..." दवाखाना दणाणला. हाक सुकदेवसारखी नव्हती, तिला गळा नव्हता, नुसतं बळ होतं. शेवटी ती चिरली, कारण मधेच त्याला रडू फुटलं, आणि ते सगळ्या व्हरांड्यानं पाहिलं.

निंबाखालून उत्तर आलं. आधी छगनचं, मग सगळ्यांचं. "आलो रे आलो."

नर्स रागावली. गाडी पुढं गेली. सुकदेवनं डोळे मिटून घेतले होते, वॅगनीत शिरताना हमाल मिटायचे तसे, आणि दार लागेपर्यंत त्याचे ओठ हलत होते.