काचेवर उभी राहिलेली गोळी

आमच्या खाडीकाठच्या घरात शिसं ओतायला कुणी कुणाला शिकवत नाही. पागाच्या, म्हणजे फेकायच्या जाळ्याच्या, कडेला शिशाच्या गोळ्या लागतात, त्याशिवाय जाळं तळाला जात नाही. चुलीवर लोखंडी पळीत शिसं वितळवायचं आणि दगडात कोरलेल्या साच्यात ओतायचं, एवढं मी बापाला बघूनच शिकलो होतो. त्यामुळे सौदीत ताइफला आमच्या कफीलाने, म्हणजे ज्याच्या जामिनावर मी तिथे राहत होतो त्या मालकाने, जेव्हा सांगितलं, की उद्यापासून लेथ सोड आणि मागच्या खोलीत यमनी उस्तादांकडे शिसं ओतायला बस, तेव्हा मी मनात म्हटलं, यात शिकण्यासारखं काय आहे. ती घमेंड पहिल्याच दिवशी उतरली.

दुकान दुरुस्तीचं होतं. पुढे कुलपं आणि पाण्याचे पंप, मागे जुन्या बंदुका. ताइफच्या आसपासच्या डोंगरात घरटी एखादी आजोबांच्या वेळची रायफल असायची. लग्नाला जमले की लांबच्या कड्यावर पांढरा दगड ठेवून नेम धरायचे, आणि ज्याचा नेम बसेल त्याची चर्चा वर्षभर चालायची. असल्या म्हाताऱ्या रायफलींना नवी काडतुसं मिळत नसत. म्हणून वापरलेल्या पितळी पुंगळ्या जपून ठेवायच्या आणि शिशाच्या गोळ्या ओतून त्या पुन्हा भरून घ्यायच्या. हे भरण्याचं काम सगळ्या बाजारात एकट्या उस्तादांना येत होतं. ते यमनहून मिसरूड फुटायच्या वयात आले होते आणि आता त्यांच्या भुवयाही पांढऱ्या झाल्या होत्या.

त्या उन्हाळ्यात इराकने कुवेत गिळलं आणि गिऱ्हाईक एकदम वाढलं. रेडिओवर क्षेपणास्त्रांच्या बातम्या, आणि इकडे माणसं पोत्यांतून रिकाम्या पुंगळ्या घेऊन दारात उभी. आभाळातून येणाऱ्या गोष्टीवर हे शिशाची गोळी कशी झाडणार होते, अल्ला जाणे. पण भीती माणसाला काहीतरी करायला लावते, आणि आमचा कफील भीती विकण्यात हुशार होता. म्हाताऱ्याला एकट्याला झेपत नाही, तू हात लाव, असं तो मला म्हणाला. बोलताना फार मायेने बोलला.

पहिल्या दिवशी मी घरच्या सवयीने शेगडीशेजारी पाण्याचं टमरेल आणून ठेवलं. आमच्याकडे ओतलेली गोळी पाण्यात टाकून गार करतात. उस्तादांनी पायाने टमरेल दाराबाहेर उडवलं. मग मला भिंतीजवळ नेऊन वरचे काळे शिंतोडे दाखवले. वितळलेल्या शिशात पाण्याचा एक थेंब पडला तरी सगळं भांडं तोंडावर येतं, आणि ते एकदा आलं होतं. त्यांच्या उजव्या कानाची पाळी कुठे गेली ते मला तेव्हा कळलं.

आमची भाषा म्हणजे माझं मोडकं अरबी आणि त्यांचं हाजींकडून उचललेलं उर्दू. मी ओतलेली पहिली गोळी त्यांनी चिमटीत धरून उजेडात फिरवली. तिच्या अंगावर सुरकुत्या होत्या.

"ही माशासाठी छान आहे," ते म्हणाले. "मासा तक्रार करत नाही."

मग त्यांनी मला बाळबोध पद्धतीने सुरुवातीपासून शिकवलं. मोटारीच्या चाकाला लावतात ती शिशाची वजनं आणायची, वितळवायची, मेणबत्तीचा तुकडा टाकून ढवळायचं आणि वर येणारी मळी पळीने काढायची. साचा शेगडीच्या कडेला ठेवून आधी तापवायचा. साचा गार असेल तर गोळीला सुरकुत्या पडतात, फार तापला तर तिच्यावर दहिवर आल्यासारखं पांढरट दिसतं. पुंगळी घेताना तोंडाशी चीर आहे का ते नखाने चाचपायचं. तोंड केसभर रुंद करायचं, नाहीतर कडा शिसं सोलून काढते. दारू तराजूवर तोलायची, आणि गोळी बसवण्याआधी प्रत्येक पुंगळीत बॅटरी मारून बघायचं, कारण एकाच पुंगळीत चुकून दोनदा दारू पडली तर माणूस आणि रायफल दोन्ही जातात. त्या खोलीत बिडी नाही, गप्पा नाहीत. जेवायच्या आधी कोपरापर्यंत हात धुवायचे. मी एकदा तसाच खजुराला हात घातला तेव्हा त्यांनी माझ्या हातातून खजूर काढून फेकून दिला.

गोळी जमली की नाही याची परीक्षा साधी होती. खिडकीच्या काचेचा एक तुकडा त्यांनी मेजावर ठेवला होता. बूड भरून आलेली गोळी त्या काचेवर न डगमगता उभी राहते. बूड तिरपं असेल तर ती रायफलीतून तिरपीच जाते. माझ्या गोळ्या बरेच दिवस आडव्या पडत राहिल्या. उस्ताद त्या उचलून परत भांड्यात टाकायचे आणि म्हणायचे, "शिसं रागावत नाही, परत ओत."

त्यांच्यात एक रीत होती. शागिर्दाचं पहिलं काम उभं राहिलं, की उस्तादाने ते तळहातावर घेऊन चार गिऱ्हाइकांसमोर मालकाला दाखवायचं आणि म्हणायचं, याचा हात माझ्या हातातून आलाय. त्या दिवसापासून शागिर्द कारागीर. त्यांच्या उस्तादांनी त्यांच्यासाठी हे केलं होतं, आणि ती गोष्ट सांगताना त्यांचा चेहरा लग्नाची गोष्ट सांगावी तसा व्हायचा.

मग हुकूम आला. यमनच्या सरकारने या भांडणात सौदींना न आवडणारी बाजू घेतली होती, आणि त्याची किंमत इथल्या यमनी न्हाव्यांनी, भाजीवाल्यांनी, पाववाल्यांनी मोजायची होती. तोवर यमनी माणसाला कफील लागत नसे, तो इथे घरच्यासारखा राहायचा. आता त्यानेही आमच्यासारखा कफील शोधायचा, नाहीतर मुलूख सोडायचा. मुदत थोडी होती. ताइफच्या बाजारात यमन्यांची दुकानं पडेल भावात जाऊ लागली, आणि दक्षिणेच्या रस्त्याला गाद्या, शिवणयंत्रं, फ्रीज लादलेल्या गाड्यांची रांग लागली.

उस्तादांना काळजी नव्हती. कफीलाने एक सही केली की झालं, आणि कफील त्यांच्या मांडीवर खेळलेला. ते विचारायला गेले तेव्हा तो म्हणाला, "बुकरा, इन्शाल्ला." उद्या. त्या उद्याच्या नादात मुदत संपत चालली. दर वेळी तो त्यांना चहा पाजायचा आणि जाता जाता मला विचारायचा, "काय, येतंय का काम?"

मला त्या विचारण्याची चीड यायला लागली. मी काही फार शहाणा नाही, पण ज्याच्या इकाम्यावर, राहण्याच्या परवान्यावर, दुसऱ्याचा अंगठा असतो त्याला एवढं कळतं. मला काम येईपर्यंतच त्याला उस्ताद हवे होते. मी खोलीवर रायगडकडच्या एका ड्रायव्हरला हे सांगितलं. तो म्हणाला, "तुझं काय जातंय? तुझं बस्तान बसतंय ना? गप ऱ्हा." त्याच्याशी मी बरेच दिवस बोललो नाही.

मी माझ्यापुरता एक उपाय काढला. साचा गार ठेवून ओतायला लागलो. सुरकुतलेल्या, लंगड्या गोळ्यांचा ढीग. कफील आला की मान खाली घालून म्हणायचो, जमत नाही, फार अवघड आहे. उस्तादांनी दोन दिवस ते बघितलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी साच्याला हात लावला, तो गार लागला, आणि त्यांना सगळं समजलं.

"आधी सही होऊ द्या," मी म्हणालो. "मग मी रोज चांगल्या ओतीन. त्याला एवढ्यात कळायला नको."

त्यांनी ढिगातली एक गोळी उचलली. मला वाटलं, पटलं. पण ते भडकले होते.

"यातली एक कुणाच्या नळीत अडकली तर? माझ्या खोलीत, वलदी, कागदासाठी वाईट गोळी ओतायची?" वलदी म्हणजे माझ्या मुला. रागातसुद्धा ते मला तेच म्हणायचे. "तो मला ओळखतो. त्याच्या बापाने मला इथे बसवलं."

त्यांनी समोर उभं राहून माझ्याकडून साचा तापवून घेतला. मी ओतलं. गोळी काढली, गार होऊ दिली, काचेवर ठेवली. ती उभी राहिली. उस्तादांनी मेजाला गुडघ्याने धक्का दिला तरी उभी राहिली. मी त्यांच्या बाहीला धरलं, पण त्यांनी गोळी उचलली आणि पुढच्या दुकानात गेले.

डोंगरातली चार माणसं बसली होती. उस्तादांनी तळहात पुढे केला आणि रीतीचं वाक्य म्हटलं. शिवाय रीतीत नसलेलंही म्हणाले, की माझ्यापेक्षा हा सरस ओततो. गिऱ्हाइकांनी माशाल्ला म्हटलं. मी मात्र कफीलाकडे बघत होतो. कफीलाने गोळी घेतली, बोटांत फिरवली, गिऱ्हाइकांना दाखवली आणि उस्तादांच्या खांद्यावर हात ठेवला.

"खलास, अम्मी," तो म्हणाला. अरबीत अम्मी म्हणजे काका. "तुम्ही फार कष्ट केलेत. आता घरी जाऊन आराम करा."

उस्तादांचा तळहात तसाच पुढे होता. आपल्याला काय सांगितलं गेलं ते त्यांना लगेच कळलं नसावं. मग त्यांनी हात कुर्त्याला पुसला, जरी त्याला काही लागलेलं नव्हतं, आणि मागच्या खोलीत येऊन शेगडी विझवली. मी त्यांना म्हणालो नाही, की मी सांगितलं होतं. पण मला ते म्हणावंसं वाटलं, आणि ओरडून म्हणावंसं वाटलं.

ते गेले त्या दिवशी कफीलाने त्यांच्या दोन्ही गालांचं चुंबन घेतलं. डोळ्यांना रुमालही लावला. माझ्या आयुष्यात मी पुष्कळ खोटी माणसं पाहिली, आमच्या गावातही ती आहेत, पण त्या रुमालाइतकी घाण मला कशाची वाटली नाही. साचा उस्तादांच्या वडिलांचा होता. कफील म्हणाला, तो दुकानाचा. उस्तादांनी वाद घातला नाही. तेल लावून फडक्यात गुंडाळून त्यांनी तो माझ्या हातात दिला.

"गार असताना ओतू नकोस," ते म्हणाले आणि गाडीत गाद्यांवर चढून बसले. पुढे ते कुठे पोचले, पोचले की नाही, मला कधीच कळलं नाही.

युद्ध झालं, संपलं. डोंगरातल्या लोकांनी कुणावर गोळी झाडली नाही, ते पुन्हा पांढऱ्या दगडावर नेम धरू लागले. मी मागच्या खोलीत ओतत राहिलो. मग एके दिवशी कफील माझ्यापेक्षा स्वस्तात मिळालेला एक माणूस घेऊन आला, बांगलादेशचा, दोन मुलांचा बाप. तुला एकट्याला झेपत नाही, तो मला म्हणाला. अगदी त्याच मायेने.

मी त्याला सगळं शिकवलं, काही चोरून ठेवलं नाही. त्यानेही पहिल्या दिवशी पाणी आणून ठेवलं आणि मी ते लाथाडलं. उस्तादांची रीत मीच त्याला एकदा बोलण्याच्या भरात सांगून बसलो होतो. त्यानंतर तो दर आठवड्याला काचेकडे बोट करून विचारायचा, "उस्ताद, माझी गोळी मालकाला कधी दाखवणार?"

"अजून जमली नाही," मी म्हणायचो आणि त्याच्या गोळ्या माझ्या गोळ्यांत मिसळून टाकायचो. मी ताइफ सोडेपर्यंत तो विचारत राहिला. त्याची गोळी पहिल्या महिन्यातच उभी राहिली होती.