वांग घालवायला गेलो, गाल भाजून आलो

मंडळी, आज इतकी किळस आलीये की लिहिल्याशिवाय राहवत नाही.

माझी धाकटी बहीण शीतल चाकणला कंपनीत आहे. गालांवरचे वांगाचे डाग घालवायला आज तिला चिंचवडच्या एका स्किन क्लिनिकमध्ये नेलं. डाग घालवायच्या मशीनचा लाइट गालावर पडताच ती किंचाळली. गाल लालभडक झाला, फोड आले.

"डॉक्टर कुठायत?" मी विचारलं.

"ते इथे नसतात, फोनवरूनच सांगतात. सावळ्या स्किनला एवढं होतंच, मॅडम," मशीनवाली चक्क हसत म्हणाली.

शीतलला तिथून उठवलं आणि थेट त्वचारोगतज्ज्ञांकडे नेलं. "भाजलंय. डाग आणखी गडद होऊ शकतात," ते म्हणाले.

रिक्षात शीतल पुटपुटली, "ताई, उद्या शिफ्टला मास्क लावूनच जाते."

भाजलं तिला, आणि तोंडही तिनंच लपवायचं?